ठिबकच्या प्रेशर गेजसाठी कोणता धातू निवडावा?

प्रश्न : संत्राबागायतदार, वरुड तालुका

नमस्कार. विहिरीच्या पाण्यात क्षार फार असल्याने माझ्या बागेतील ठिबकच्या नळ्यांना दरवर्षी हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया द्यावी लागते. शिवाय व्हेंच्युरीतून (पाण्याच्या वेगाने खत नळीत ओढून घेणारे साधन) युरिया आणि फॉस्फरिक आम्लही सोडतो. जाळीच्या फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे लावलेली दोन्ही प्रेशर गेज दोन हंगामांतच बिघडली. एकाच्या आट्यांभोवती हिरवट-निळी भुकटी जमली असून पंप बंद केल्यावरही काटा 0.8 किलोवरच (प्रति चौरस सेंटिमीटर) उभा राहतो. दुकानदार स्टेनलेस स्टीलचे, ग्लिसरीन भरलेले गेज सुचवतात. ते सर्व द्रवांना चालेल का? आमच्या शेतकरी गटाच्या शीतगृहात अमोनियाचा संच बसणार आहे. तेथेही तेच घ्यावे, असे काहींचे म्हणणे आहे.

उत्तर 1 : उपकरण देखभाल तंत्रज्ञ, चंद्रपूर जिल्हा

गेजच्या बाहेरच्या डब्याकडे न पाहता, द्रव ज्या भागांना प्रत्यक्ष भिडतो ते भाग पाहावेत. बहुतेक गेजमध्ये वाकवलेली चपटी नळी असते. फ्रान्समध्ये युजीन बूर्दों यांनी 1849 मध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बोरडॉन ट्यूब म्हणतात. दाब आला की ती किंचित सरळ होते आणि तिच्या टोकाला जोडलेल्या दात्यांमुळे काटा फिरतो. या नळीचे दुसरे टोक बंद असते, त्यामुळे आम्लप्रक्रियेनंतर आपण लाइन कितीही वेळ धुतली, तरी नळीत शिरलेले आम्ल आणि खताचे पाणी तेथेच साचून राहते; पाइपला काही न होता गेज मात्र खराब होते, त्याचे कारण हेच. युरियापासून हळूहळू अमोनिया तयार होतो आणि पितळासारख्या तांब्याच्या मिश्रधातूंना तो मानवत नाही. तुमची हिरवट-निळी भुकटी म्हणजे तांब्याचे क्षार आहेत.

आता स्टेनलेसबद्दल. 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील युरिया आणि विरळ फॉस्फरिक आम्लाला चांगले टिकते, परंतु हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइड त्यालाही टोचे पाडते. म्हणून केवळ महाग गेज घेऊन प्रश्न सुटणार नाही. गेजच्या खाली कॉक बसवावा, आम्लप्रक्रिया सुरू करण्यापूर्वी तो बंद करावा आणि लाइन साध्या पाण्याने धुऊन झाल्यावरच उघडावा. आम्ल चालू असतानाही दाब वाचणे आवश्यक असेल, तर टेफ्लॉनचा पडदा आणि प्लास्टिकचे अंग असलेले डायफ्राम सील गेजखाली लावावे. मग आम्ल पडद्यापाशीच थांबते. ग्लिसरीन डब्यात असते, नळीत नसते. पंपाच्या थरथरीपासून ते काट्याला वाचवते, आम्लापासून नाही.

जाता जाता एक सांगतो. शक्य असल्यास तीन तोंडांच्या कॉकवर एकच गेज लावून फिल्टरच्या दोन्ही बाजू वाचा. दोन वेगळी गेज थोडी थोडी चुकली, तरी त्यांच्यातील फरक पार बिघडतो आणि फिल्टर तुंबल्याचे आपल्याला उशिरा कळते.

उत्तर 2 : शीतयंत्र तंत्रज्ञ, नागपूर जिल्हा

वरील उत्तराशी सहमत आहे. अमोनियाबाबत मात्र अधिक कडक राहावे लागेल. ओलाव्यासह अमोनिया आला आणि पितळावर ताण असला, तर धातू झिजलेला दिसत नाही, तो सरळ तडकतो. म्हणजे बाहेरून चांगले दिसणारे गेज अचानक फुटून गळती होऊ शकते. तेथे द्रवाला भिडणारा प्रत्येक भाग पोलादी किंवा स्टेनलेस असलेले, अमोनियासाठीच बनवलेले गेज घ्या. संघनन (अमोनिया वायूचे द्रवात रूपांतर) 40 अंश सेल्सिअसवर होत असेल, तर दाब साधारण साडेचौदा बार असतो. स्थिर दाब पूर्ण मापाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा खाली राहावा, म्हणून मोठ्या दाबाच्या बाजूला 25 बारचे माप योग्य ठरेल.

खरेदी करताना फसगत होऊ शकते. डबा चकचकीत स्टेनलेसचा असतो आणि आट्यांचा भाग पांढरा मुलामा दिलेला पितळी असतो. जुन्या गेजच्या आट्यांच्या कडेला कानस दोनदा फिरवून पाहा.

पुन्हा प्रश्नकर्ता

कानस फिरवली आणि खालून पिवळे पितळ निघाले. दोन्ही गेज स्टेनलेस म्हणूनच विकली गेली होती. ठिबकसाठी कॉक लावतो आणि शीतगृहाची मागणी वेगळी नोंदवतो. गावच्या वेल्डिंग दुकानातले जुने गेज मधल्या काळात वापरले तर चालेल का?

उत्तर 3 : उपकरण देखभाल तंत्रज्ञ, चंद्रपूर जिल्हा

कृपया नको, आणि उलट दिशेनेही नको. वेल्डिंग दुकानातली गेज ऑक्सिजन किंवा अ‍ॅसिटिलीन वायूच्या सिलिंडरवरची असतात. ऑक्सिजनच्या गेजमध्ये तेलाचा किंवा ग्रीसचा अंशसुद्धा चालत नाही, कारण दाबाखालील ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकते. आपल्या पंपघरात काही दिवस राहिलेले गेज परत सिलिंडरवर चढवणे म्हणजे जिवाशी खेळ होईल. अ‍ॅसिटिलीनच्या बाबतीत शुद्ध तांबे आणि 65 टक्क्यांहून अधिक तांबे असलेल्या मिश्रधातू टाळतात, कारण त्यापासून स्फोटक संयुग तयार होते. तोपर्यंत गेजच्या जागी प्लग लावून पंप चालवा आणि फिल्टरची जाळी रोज उघडून धुवा.