सर्फ कँडी हातात काचेसारखी, पाण्यात मात्र काळपट. काय चुकतंय?

सागरवेल:
नमस्कार मंडळी. मी मूळची गुहागरची, गेली ११ वर्षं न्यू जर्सीत. सप्टेंबर उजाडला की सुट्टीच्या दिवशी पहाटे फ्लाय रॉड (हलकं नकली आमिष फेकायची काठी) घेऊन आयलंड बीच स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर असते. वाट बघायची ती अल्बीची, म्हणजे फॉल्स अल्बाकोरची. आपल्या गेदरीचीच ही अटलांटिकमधली बहीण. या दिवसांत ती बे अँचोव्हीच्या मागे लागलेली असते. बे अँचोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातली बोटभर मासळी. तळहातावर घेतली तर खालच्या रेषा दिसाव्यात इतकं अंग आरपार, आणि कुशीला एक चंदेरी पट्टी.

अल्बीसाठी मी यंदा १२ सर्फ कँडी बांधल्या. सर्फ कँडी ही एक फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली नकली मासळी. १ नंबरचा स्टेनलेस गळ, दांडीवर पांढरा दोरा, वर सिंथेटिक केस, दोन्ही कुशींना चंदेरी फ्लॅश (चमकीचे धागे), चिकटवलेले डोळे आणि सगळ्यावर यूव्ही रेझिन (यूव्ही टॉर्चच्या उजेडाने घट्ट होणारा पारदर्शक लेप). व्हाइसमध्ये (बांधताना गळ धरणाऱ्या चिमट्यात) इतक्या देखण्या दिसत होत्या की नवऱ्याला उठवून दाखवल्या. पाण्यात गेल्या आणि मधोमध काळपट काडी दिसायला लागली. अल्बी मागे आल्या, हातभर अंतरावरून वळल्या. तीन पहाटा हेच. शिवाय रेझिन बोटाला चिकटतं, त्यावर वाळू बसते. बारा फ्लाय कापून गळ परत वापरायची माझी तयारी आहे, पण नेमकं काय चुकलं ते कळू दे.

निळागळ:
चिकटपणाचं सांगतो. यूव्ही रेझिनचा हवेला लागलेला सगळ्यात वरचा थर नीट घट्ट होत नाही, कारण हवेतला ऑक्सिजन त्या क्रियेत आडवा येतो. टॉर्च मारून झाल्यावर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून घ्या. तरीही चिकट राहिलं तर टॉर्चची बॅटरी बदला. उतरलेल्या बॅटरीवर दिवा जांभळा दिसतो, पण जोर नसतो. आणि हातमोजे घालाच. ओलं रेझिन वारंवार कातडीला लागलं की काहींना कायमची ॲलर्जी होते. माझ्या मेहुण्याला झाली, त्याला बांधणंच सोडावं लागलं.

खाजणकाठ:
सागरवेल, तुझी चूक दोऱ्यात आहे.

सुती धोतर कोरडं असताना पांढरंशुभ्र असतं, भिजलं की अंगाला चिकटून आतलं दिसायला लागतं. तंतूंच्या मधे हवा असते तोवर प्रकाश विखुरतो आणि कापड पांढरं दिसतं. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की पांढरेपणा गेला. रेझिनने तर तो पाण्याहूनही जास्त जातो. तुझा पांढरा दोरा रेझिन पिऊन जवळजवळ आरपार झाला आणि खालची दांडी उघडी पडली. खालून बघणाऱ्या माशाला उजळ पाण्यावर ती काडी ठसठशीत दिसणारच. व्हाइसमध्ये ती का दिसली नाही? तिथे दिवा वरून असतो आणि रेझिनचा चकचकाट डोळ्यात भरतो. रेझिनचा वक्रीभवनांक साधारण १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३. हवेत ते भिंगासारखं झळकतं, पाण्यात त्याची कड जवळजवळ विरघळते. मग जे अपारदर्शक आहे तेवढंच उरतं.

हे दुखणं जुनंच आहे. इंग्लंडमध्ये जे. डब्ल्यू. डन या लेखकांनी १९२४ सालीच गळाची दांडी पांढरी रंगवून त्यावर कृत्रिम रेशीम गुंडाळायला सांगितलं होतं. फ्लाय तरंगावी म्हणून लावलेलं तेल पिऊन रेशीम आरपार झालं तरी खाली काळं लोखंड दिसू नये म्हणून. तू रंगाऐवजी दांडीवर चंदेरी मायलर (चकचकीत प्लास्टिकची पट्टी) गुंडाळ, मागच्या वळणापासून गळाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापर्यंत, फट न ठेवता. वरचा दोरा पारदर्शक मोनोचा (एकेरी नायलॉन तंतूचा) घे. तो निसटतो, म्हणून प्रत्येक टप्प्याला दोन गाठी.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तीच मोठी. मी हर्णैचा. लहानपणी आईबरोबर बंदरावर जायचो, तेव्हा टोपलीत अजून वळवळणारा जवळा असायचा. पाण्यात सोडला तर अंग दिसायचंच नाही, दिसायचे ते फक्त दोन काळे ठिपके, डोळ्यांचे. मेला की तासाभरात पांढुरका. पुढे कोळंबीची फ्लाय बांधायला बसलो तेव्हा मला ते ठिपके आठवले. आरपार जीव बांधायचा म्हणजे तो जिथे आरपार नाही, त्या जागा आधी बांधायच्या. तुझ्या अँचोव्हीला अशा तीनच जागा आहेत: डोळा, कल्ल्यामागची पोटाची चंदेरी पिशवी आणि कुशीची पट्टी. तू पट्टी आणि डोळा केलास, पिशवी केलीस का? कल्ल्यामागे पोटाशी मायलरचा भाताच्या दाण्याएवढा तुकडा ठेवून बघ. तो रेझिनच्या आत हवा, वर नाही.

केस किती घेतेस? माझा अंदाज, दुप्पट. चिमटीत धरून वर्तमानपत्रावर ठेव. खालची अक्षरं वाचता आली नाहीत तर अर्धे काढून टाक. बॉब पोपोव्हिक्स यांची सर्फ कँडी तुझ्याच किनाऱ्यावर जन्मली. ती बांधताना हात आखडताच ठेवायचा.

रेझिन पातळ थरांत दे, तीन वेळा. जाड थर आतून कच्चा राहतो. मायलरच्या आड यूव्ही पोचत नाही, तेव्हा टॉर्च दोन्ही कुशींनी आणि पोटाखालून मार. बाटली कोमट पाण्यात ठेवलीस तर बुडबुडे कमी येतील, उरलेले सुईने फोड. एक बुडबुडासुद्धा पाण्यात मोत्यासारखा चमकतो.

आणि पारख व्हाइसमध्ये करायची नाही. काचेच्या ग्लासात पाणी घे, फ्लाय बुडव, ग्लास खिडकीच्या उजेडासमोर डोळ्यांच्या वर धर आणि खालून बघ. मासा असाच बघतो.

ओहोटी_भरती:
खाजणकाठ काकांचं सगळं पटलं, फक्त एक भर. अल्बी वळली तर दोष दरवेळी फ्लायचाच असतो असं नाही. तिची नजर फार तीक्ष्ण. ताई, टिपेट (फ्लायला बांधायचा दोरीचा शेवटचा बारीक तुकडा) फ्लोरोकार्बनचं, म्हणजे पाण्यात कमी दिसणाऱ्या तंतूचं आहे का? मी २० पौंडांवरून १२ वर आल्यावर फरक जाणवला. तुटायची भीती असते, पण मासा तरी तोंड लावतो.

सागरवेल:
काका, काल रात्री मुलं झोपल्यावर ग्लासची परीक्षा घेतली. खिडकीबाहेर अंधार, म्हणून स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली ग्लास डोक्याच्या वर धरला. जुनी फ्लाय खालून बघितली आणि पोटात धस्स झालं. केसांचा ढग, मधे काळी काडी. तीन पहाटा मी हे माशांना दाखवत होते!

मग एक नवी बांधली. दांडीवर मायलर, मोनोचा दोरा, केस मोजून २५, कल्ल्यामागे मायलरचा दाणा. मोनो तुम्ही म्हणालात तसा दोनदा निसटला. तिसऱ्या थरानंतर पाण्यात बुडवली तर आधी डोळा दिसला, मग दाणा, मग पट्टी, आणि बाकीची फ्लाय शोधावी लागली. टिपेट १६ चं होतं, आता १२ आणलंय.

शनिवारी वारा पश्चिमेचा आहे, भरती पहाटे. तोवर अशा पाच तरी बांधून होतील. काका, पाठीला अगदी फिकट हिरवट छटा द्यायची असेल तर केस रंगीत घ्यावेत, की वरच्या थरावर मार्कर फिरवून पुन्हा रेझिन द्यावं?

खाजणकाठ:
केसच घे, पाठीला सहा-सात, त्याहून जास्त नाही. मार्करची शाई काही रेझिनमध्ये पसरते आणि पोटापर्यंत उतरते.