ओतानीच्या नावाचा गजर, पण बाकीच्या आशियाई खेळाडूंचं काय?

राइट_फील्ड (धागाकर्ता)

लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी २०२५ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, टोरांटोला सातव्या सामन्यात हरवून जिंकली. त्यांचा जपानी पिचर (चेंडू फेकणारा) यामामोतो मालिकावीर झाला, मग त्यांच्याच शोहेई ओतानीला सलग तिसऱ्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला. तेव्हापासून इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर एकच टेप वाजतेय, ‘बेसबॉल आता आशियाई झाला.’

मला हे पटत नाही. २०२५च्या मोसमाच्या सुरुवातीला मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च लीगच्या, तीस संघांत मिळून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेले शंभरेक खेळाडू होते. देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत. जपानची बारा कोटींच्या वर, शाळेच्या बेसबॉल स्पर्धेला तिथे अख्खा देश टीव्हीपुढे बसतो, आणि मेजर लीगमध्ये त्यांचे जेमतेम डझनभर. कोरियाचे तर एका हाताच्या बोटांवर मोजावेत.

बरं, हे डझनभर कोण? तिकडचे अव्वल. मध्यम वकुबाचा, वर्षाला दहाबारा होमरन मारणारा, कधी संघात कधी बाकावर असा जपानी बॅटर शोधून दाखवा. व्हेनेझुएलाचे असे ढिगाने सापडतील. अशा माणसालाही जागा मिळेल आणि त्याच्या हातून झेल सुटल्यावर लोक त्याच्या देशावर घसरणार नाहीत, तेव्हा मी प्रतिनिधित्व वगैरे मानेन. सध्याचं प्रेम विलक्षण माणसावरचं आहे. उद्या ओतानीचं कोपर पुन्हा गेलं तर यातले किती लोक सामने बघतील?

सिएटलचा_पाऊस

असहमत. तुम्हा डॉजर्सवाल्यांचं सगळं ओतानी आल्यावर सुरू होतं. अहो, १९९५ला जपानहून आलेला पिचर हिदेओ नोमो तुमच्याच संघातला ना? आदल्या वर्षीच्या खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजसुद्धा झाली नव्हती, प्रेक्षक वैतागलेले, आणि हा पाठ वळवून चेंडू टाकणारा पाहुणा सगळ्यांना परत मैदानात घेऊन आला.

आमच्याकडे, सिएटल मरिनर्समध्ये, २००१ला जपानचा इचिरो आला तेव्हा हा किरकोळ अंगाचा माणूस इथल्या वेगापुढे टिकणार का, असं लोक उघड विचारत होते. पहिल्याच वर्षी २४२ हिट (बेस गाठून देणारे फटके), रुकी ऑफ द इयर म्हणजे सर्वोत्तम नवोदित आणि एमव्हीपी दोन्ही, संघाचे ११६ विजय. राइट फील्डमागच्या बाकांना त्याच्या ५१ नंबरावरून ‘एरिया ५१’ नाव पडलं. एक बाई त्याच्या हिटचा आकडा बदलत राहणारा फलक घेऊन वर्षानुवर्षं तिथे बसायच्या. जपानी नव्हत्या त्या. २००४ला त्याने जॉर्ज सिस्लरचा १९२०पासूनचा २५७ हिटचा विक्रम मोडला, तेव्हा सिस्लरची म्हातारी लेक स्टँडमध्ये होती. इचिरो पळत जाऊन तिला भेटून आला, सामना थांबलेला असताना. ते दृश्य पाहिलेल्या माणसाला ‘सध्याचं प्रेम’ वगैरे सांगू नका.

आणि मुळात हा संघ सिएटलला राहिला तो जपानी पैशावर. १९९२मध्ये निन्टेंडोचे हिरोशी यामाउची पुढे आले तर बाकीच्या मालकांनी नाकं मुरडली, उत्तर अमेरिकेबाहेरचा मालक नको म्हणून. शेवटी मताधिकाराला कात्री लावून परवानगी दिली.

फुलटॉस

माझा एक बाळबोध प्रश्न. नाशिक-नगरहून एचवनबीवर गेलेल्या माणसाला ओतानी ‘आपला’ का वाटावा? ईशान्येकडून शिकायला आलेल्या पोरांना पुण्यात काय काय नावांनी हाका मारतात ते आपण सगळे जाणतो. तीच माणसं तिकडे उतरली की एकदम आशियाई होतात. विमानात वाटतात का हे?

तिकडचे लोक तरी एकमेकांना आशियाई मानतात का? २००९च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकची फायनल डॉजर स्टेडियममध्येच झाली, जपान विरुद्ध कोरिया. दहाव्या इनिंगमध्ये इचिरोने दोन धावांची हिट मारली, जपान ५-३ने जिंकलं. कोरियाटाउनमध्ये त्या रात्री ‘आशिया जिंकला’ म्हणून कोणी पेढे वाटले नसणार.

चिंचगूळ

फुलटॉस, पुण्याबद्दल बोललात ते शंभर टक्के मान्य. पण आशियाई हे लेबल आपण मागून घेत नाही, समोरचा चिकटवतो.

२०१७ची वर्ल्ड सिरीज, तिसरा सामना. ह्यूस्टनच्या युली गुरिएलने डॉजर्सचा जपानी पिचर यू दार्विशला होमरन मारला, डगआउटमध्ये (संघाच्या बाकांवर) जाऊन बसला आणि बोटांनी डोळ्यांचे कोपरे ताणून दाखवले. कॅमेऱ्यासमोर. दार्विशचे वडील इराणी आहेत, म्हणजे चिडवायचं तर भूगोलही धड नाही. शिक्षा काय, तर पाच सामन्यांची बंदी, तीही पुढच्या मोसमात. ती वर्ल्ड सिरीज तो सुखाने खेळला आणि ह्यूस्टन जिंकलं.

आता राइट_फील्ड यांच्या ‘विलक्षण माणसा’कडे येते. २०२१चा ओतानी, ज्या वर्षी त्याला पहिलं एमव्हीपी मिळालं. त्याच उन्हाळ्यात टीव्हीवरच्या एका बड्या पंडिताने म्हटलं की दुभाष्याशिवाय बोलू न शकणारा माणूस या खेळाचा चेहरा असणं बरं नाही. मग माफी. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटच्या प्रक्षेपणात समालोचक जॅक मॉरिसने ओतानी बॅटिंगला आल्यावर नकली आशियाई उच्चार काढून विनोद केला. त्याला वाहिनीने घरी बसवलं. सांगायचं एवढंच की विलक्षण असूनही सुटका नाही, तर साध्या खेळाडूचं काय होत असेल? म्हणून स्टँडमध्ये आपल्यासारख्या दिसणाऱ्या लोकांचा घोळका लागतो.

माझा मुलगा लिटल लीगमध्ये खेळतो. अंगाने लहान, त्यामुळे कोच नेहमी बंट करायला, म्हणजे चेंडूला नुसती बॅट लावायला सांगतात. त्याचा हीरो ओतानी नाही, क्लीव्हलँडचा स्टीव्हन क्वान आहे. पाच फूट नऊ इंच, होमरन बेताचे, पण सहजासहजी स्ट्राइकआउट होत नाही आणि लेफ्ट फील्डला गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा किताब. वडिलांकडून चिनी, आईकडून जपानी वंशाचा, जन्म कॅलिफोर्नियाचा. म्हणजे धागाकर्त्यांच्या जन्मदेशाच्या मोजणीत तो अमेरिकन! डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स ओकिनावात जन्मले, आई जपानी, त्यांना कुठल्या रकान्यात घालणार?

राइट_फील्ड

क्वानचा मुद्दा चांगला आहे, मोजणीत तो घ्यायला हवा. पण त्याने माझं म्हणणं उलट पक्कं होतं. क्वान चार वर्षं गोल्ड ग्लव्ह घेतोय आणि आमच्या ग्रुपवर त्याचं नाव एकदाही आलेलं नाही.

सिएटलकर, एरिया ५१बद्दल आदर आहेच. पण दहा मोसम सलग दोनशे हिट मारणाऱ्यावर प्रेम केलं, यात सिएटलच्या मनाचा मोठेपणा तो कुठला? आणि त्याच इचिरोचं हॉल ऑफ फेमचं मतदान ३९४ पैकी ३९३ आलं. तो एक मतदार कोण ते अजून गुलदस्त्यात.

बाकावरचा

चर्चा भरकटतेय. खेळाडू कमी का याचं उत्तर प्रेक्षकांत शोधू नका, करारात शोधा.

डॉमिनिकन पोरगा सोळाव्या वर्षी मेजर लीगच्या संघाशी करार करतो. त्यांचे संघ तिथे अकादम्या चालवतात, शंभर पोरं घ्यायची, चार वर पोचली तरी पैसे वसूल. जपानी पोरगा हायस्कूलनंतर तिथल्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी नवे खेळाडू आपापसांत वाटून घेण्यात) जातो आणि क्लबच्या दावणीला बांधला जातो. परदेशी जायचं तर नऊ मोसम थांबा, नाहीतर क्लबची मर्जी सांभाळा. क्लब राजी झाला तर ‘पोस्टिंग’, म्हणजे अमेरिकन संघ खेळाडूला पगार देणार आणि वर जुन्या क्लबला फी. यामामोतोसाठी डॉजर्सनी त्याच्या जुन्या क्लबला, ओरिक्सला, पाच कोटी डॉलरच्या वर मोजले, त्याचा स्वतःचा बारा वर्षांचा साडेबत्तीस कोटींचा करार वेगळा. शिवाय पंचविशीच्या आत आलात तर इकडे तुम्हाला हौशी धरतात, बोनसवर मर्यादा. ओतानी तेविसाव्या वर्षी आला तो तेवीस लाख डॉलरच्या बोनसवर. दोन वर्षं कळ काढली असती तर कितीतरी पट मिळाले असते.

आता मला सांगा, एवढी फी भरून मध्यम वकुबाचा माणूस कोण आणेल? चाळणीच अशी आहे की वरचेच पडतात.

आणि ती चाळणी नुसती अमेरिकनांनी विणलेली नाही. पिचर जुनिची ताझावा जपानमध्ये एका कंपनीच्या संघाकडून खेळायचा. २००८मध्ये त्याने जपानी क्लबांना कळवलं की मला ड्राफ्टमध्ये घेऊ नका, मी बॉस्टनला जातोय. लगेच तिथे नियम निघाला की असा थेट गेलेला परत आला तर दोन-तीन वर्षं कोणत्याही क्लबने त्याला घ्यायचं नाही. ‘ताझावा नियम’ असंच नाव पडलं. २०२०मध्ये रद्द झाला. ताझावा म्हणजे राइट_फील्ड यांना हवा आहे तसाच गडी. सातव्या-आठव्या इनिंगला येणारा, पोस्टरवर न दिसणारा. बॉस्टनने २०१३ची वर्ल्ड सिरीज जिंकली त्या संघात होता. बॉस्टनच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ज्यांनी वाळीत टाकलं ते घरचेच होते.

सिएटलचा_पाऊस

बाकावरचा, +१. नाक दाबणारे दोन्हीकडे आहेत.

जुना_पत्ता

जपानी-अमेरिकन लोकांचं बेसबॉलप्रेम कोणाच्या कृपेवर कधीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लाखाच्या वर लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत कोंडलं. ॲरिझोनाच्या वाळवंटात गिला रिव्हर छावणीत केनिची झेनिमुरा म्हणून एक गृहस्थ होते, मूळचे हिरोशिमाचे, फ्रेस्नोत संघ चालवायचे. त्यांनी १९४३मध्ये झुडपं उपटून, कुंपणाचे खांब वापरून तिथे मैदान उभं केलं, बसायला स्टँडसकट. मेजर लीगमध्ये पहिला जपानी, मासानोरी मुराकामी, उगवला तो १९६४ला, सॅन फ्रान्सिस्कोकडून. म्हणजे प्रेक्षक आधीपासून होता, खेळाडू वीस वर्षांनी आला. लिटल टोकियोतल्या हॉटेलच्या भिंतीवर आज ओतानीचं बारा-चौदा मजली चित्र आहे. ते बघायला येणाऱ्या पर्यटकांना हेही कोणीतरी सांगायला हवं.

फुलटॉस

जुना_पत्ता, प्रतिसाद आवडला. तरी माझी गाडी पैशावर येणारच. मार्च २०२५चे पहिले दोन सामने टोकियो डोममध्ये का झाले? डॉजर्स आणि शिकागोचे कब्ज, यामामोतो विरुद्ध इमानागा, दोन्हीकडे जपानी पिचर. स्टेडियमच्या भिंतींवर जपानी कंपन्यांच्या पाट्या, डॉजर स्टेडियमची जपानी भाषेतली टूर. हे प्रेम नव्हे, बाजारपेठ आहे. चीनमध्ये बास्केटबॉलवाल्यांनी याओ मिंगच्या जोरावर हेच केलं.

चिंचगूळ

बाजारपेठ म्हणून झालं तरी झालं ना? आयपीएल काय धर्मादाय आहे? रशीद खानला हैदराबादच्या पब्लिकने जीव लावला तो लिलावातूनच आला होता.

राइट_फील्ड

फुलटॉस, ‘आपला का वाटावा’ हे तुम्ही विचारूच नका. ६ जून २०२४ला डॅलसमध्ये सौरभ नेत्रावळकरने पाकिस्तानविरुद्ध अमेरिकेसाठी सुपर ओव्हर टाकली, तेव्हा तुम्हीच लिहिलं होतंत, ‘आपल्या मुंबईचा पोरगा, ओरॅकलची नोकरी सांभाळून’. आठवड्याच्या आत त्याच पोराने न्यूयॉर्कमध्ये कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं. तेव्हा कोणाचा होता?

फुलटॉस

तेव्हाही आपलाच. रोहितला काढलं तेव्हा मात्र जरा परका वाटला. पण सौरभ मुंबईकडून रणजी खेळलेला आहे. ओतानी शिवाजी पार्कात कधी दिसला होता?

कोपरखळी

मग खऱ्या ‘आपल्या’ लोकांकडे या की. २००८मध्ये भारतभर जोरात चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशचे भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले. वर्षभरात पिट्सबर्ग पायरेट्सनी दोघांना करारबद्ध केलं. त्याआधी दोघांनी हातात ग्लव्हही घातला नव्हता. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. त्यावर सिनेमा निघाला तेव्हा सगळे दोन दिवस अभिमानी झाले होते. खालच्या लीगमध्ये रिंकू बसचे धक्के खात होता तेव्हा त्याचे आकडे बघणारा एक तरी होता का इथे?

आणि कुमार रॉकर? सप्टेंबर २०२४पासून टेक्सास रेंजर्सकडून पिचिंग करतोय, आई भारतीय वंशाची. तुमच्या ग्रुपवर त्याची काय चर्चा?

राइट_फील्ड

शून्य. हेच तर सांगतोय.

बाकावरचा

ग्रुपवर चर्चा नसली म्हणून काही बिघडत नाही. डॉजर्सच्या कोरियन किम हेसाँगकडे बघा. तीन वर्षांचे सव्वा कोटी डॉलर, म्हणजे त्या संघात चिल्लर. २०२५च्या मार्चमध्ये खालच्या लीगमध्ये पाठवला, मे महिन्यात वर आला, कधी सेकंड बेस, कधी आउटफिल्ड, कधी नुसता बाकावर, आणि ऑक्टोबरमध्ये विजेत्या संघात. पहिल्या प्रतिसादात मागितलेला मध्यम वकुबाचा गडी तुमच्याच डगआउटमध्ये बसलाय, राइट_फील्ड.

राइट_फील्ड

एक किम. डॉमिनिकन शंभर.

चिंचगूळ

रॉकरचं मुलाला सांगितलं. त्याने लगेच आकडे शोधले, आता टेक्सासची टोपी मागतोय. क्वानचं पोस्टर भिंतीवर राहणार आहे, वाटाघाटी पूर्ण.

सिएटलचा_पाऊस

टोपी घेऊन द्या, पण आमच्या स्टेडियममध्ये घालून येऊ नका. रेंजर्स आमच्याच विभागात आहेत. रॉकरची आई गुंटूरची असो की गडहिंग्लजची, इथे माउंडवर आला की त्याला हुर्योच मिळणार.