बेल्व्हेडेर राजवाडा, व्हिएन्ना: जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

जूनमध्ये आईबाबांना घेऊन व्हिएन्नाला जातेय. शोनब्रुन पाहिल्यावर आणखी एक राजवाडा कशाला, असं बाबांचं मत. तुम्हाला काय आवडलं, काय टाळलं असतं तरी चाललं असतं?

◆ बाबांना सांग, हा मुळात राजाचा नाहीच. तुर्कांशी लढून नाव काढलेल्या प्रिन्स युजेन या सेनापतीने तो उन्हाळ्यासाठी बांधून घेतला. खालचा महाल १७१६चा, राहायला. वरचा १७२३चा, मिरवायला! सम्राज्ञी मारिया थेरेसाने १७५२मध्ये विकत घेतल्यावर तो राजघराण्याकडे आला; आता तिथे कलासंग्रहालय आहे. वरच्या महालात शिरताच छत खांद्यावर पेलणारे चार धिप्पाड पुतळे दिसतील. छत कोसळायची भीती वाटू लागली, म्हणून ते मागाहून आधाराला उभे केलेत. वरच्या संगमरवरी दालनात १५ मे १९५५ला ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणारा करार झाला. माझे सासरे चित्रांपेक्षा तिथेच जास्त रमले.

◆ मला बाग जरा कोरडीच वाटली. सगळं मोजूनमापून कापलेलं, सावली जवळपास नाही. जूनमध्ये भर दुपारी नकोच.

◆ अहो, ती बाग बसायची नाही, चालायची आहे! व्हर्सायच्या कारंज्यांवर काम केलेल्या जिरारने आखलेली. खालच्या फाटकातून निघा: कारंजी, स्फिंक्सचे पुतळे, आणि चढावर हळूहळू वर येत जाणारा महाल. माथ्यावरून मागे बघितलं की सेंट स्टीफन चर्चच्या कळसासकट अख्खं जुनं शहर. बागेला तिकीट नाही. गुडघे दुखत असतील तर डी ट्रामने वर उतरून उताराने खाली या.

◆ क्लिम्टच्या 'द किस' या चित्रासमोर फोटोवाल्यांची गर्दी असते. कोपराने वाट काढावी लागली, पण बाजूने तिरकं पाहिल्यावर सोन्याचा वर्ख असा काही उजळतो, की सगळं माफ. मला मात्र चित्रकार शीलेचं कुटुंबचित्र जास्त मनाला लागलं. १९१८चं आहे, त्याच वर्षी फ्लूच्या साथीत त्याची गरोदर बायको गेली आणि तीन दिवसांनी तोही. आईंना आधी सांगून ठेवा, चित्रं उघडीवाघडी आहेत.

◆ मुलं बरोबर असतील तर शिल्पकार मेसरश्मिटची तोंडं वेंगाडणारी मुंडकी चुकवू नका. आमच्या चिरंजीवांनी प्रत्येकाची नक्कल केली, रखवालदारसुद्धा हसला. वरच्या महालाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, घरूनच काढा.