सेव्हन आयर्न कधी ११० यार्ड, कधी १४०! मदत हवी आहे

अडगळ
नमस्कार मंडळी. वय ४९, पुण्यात राहतो, गोल्फ सुरू करून तीन वर्षं झाली, हँडिकॅप २४ (म्हणजे फेरीत साधारण तेवढे फटके जास्तीचे). सगळ्यात लांब मारायचा क्लब, ड्रायव्हर, वाकडातिकडा जातो त्याचं मला फारसं दुःख नाही. दुखणं आहे ते मधल्या अंतराच्या क्लबचं, सेव्हन आयर्नचं.

परवा रविवारी येरवड्याला खेळलो. ग्रीन (भोकाभोवतीची बारीक हिरवळ) १३५ यार्डांवर, वारा नाही, समोर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. सेव्हन काढली, स्विंग छान वाटला, आणि बॉल बंकरमध्ये. चांगला वीसेक यार्ड आखूड. पुढे जवळजवळ तेवढ्याच अंतरावरून तोच क्लब, तोच स्विंग (मला तरी तोच वाटला) आणि बॉल ग्रीन ओलांडून मागच्या रफमध्ये, उंच गवतात. कॅडी काही बोलला नाही. बॅग फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

रेंजवर (सरावाच्या जागी) मॅटवरून मात्र हाच क्लब शहाण्यासारखा वागतो. शेवटी एका मित्राच्या ओळखीनं सिम्युलेटरवर वीस बॉल मारून आकडे लिहून आणले. क्लबचा वेग ताशी ७३ ते ७६ मैल. बॉलचा वेग ८६ ते १००. कॅरी (बॉल हवेत जातो ते अंतर) १०८ ते १३९ यार्ड, सरासरी १२५.

सेट जुना आहे, साडूनं दिलेला. सेव्हनचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (क्लबच्या मारायच्या बाजूचा) कल, ३४ अंश; कल कमी तितका बॉल लांब. ऑफिसातला एक पोरगा सेव्हननं १६० मारतो आणि माझ्याकडे दयेनं बघतो. शाफ्ट (क्लबचा दांडा) बदलू? नवा सेट घेऊ? की जिमला जाऊ? बायकोचं मत तिसऱ्याला आहे.

फोर्र्र
पाऊस पडून गेला होता का? बॉल आणि क्लबच्या मध्ये ओलं गवत आलं की स्पिन कमी होतो आणि बॉल भलताच लांब पळतो. शिवाय पुणे ५६० मीटर उंचीवर, हवा विरळ.

अडगळ
गवत कोरडं होतं. आणि पुण्याची उंची दोन्ही बॉलना सारखीच होती हो!

फोर्र्र
😄 मान्य. तसंही त्या उंचीनं समुद्रसपाटीजवळच्या चेंबूरपेक्षा दोन-तीन यार्डच जास्त मिळतात.

जास्वंद
अडगळदादा, उत्तर तुमच्याच आकड्यांत बसलंय. पैसे खिशात ठेवा.

तुमच्या क्लबचा वेग फक्त तीन मैलांनी हलतोय. सेव्हनला मैलामागे साधारण दोन यार्ड धरा, म्हणजे वेगामुळे फरक पडायचा तो सहा यार्डांचा. तुमच्याकडे एकतीसचा पडतोय. उरलेले पंचवीस गेले कुठे? बॉलच्या वेगाला क्लबच्या वेगानं भागून बघा. चांगला बॉल १०० भागिले ७५, म्हणजे १.३३. वाईट बॉल ८६ भागिले ७४, म्हणजे १.१६. यालाच स्मॅश फॅक्टर म्हणतात. ट्रॅकमॅन या बॉल मोजणाऱ्या रडारवाल्यांनी अमेरिकेतल्या पीजीए टूरच्या व्यावसायिक खेळाडूंची जी सरासरी काढली होती त्यात सेव्हनला क्लबचा वेग ९०, बॉलचा १२०, कॅरी १७२. भागाकार करा, तोच १.३३ येतो. म्हणजे नीट लागतो तेव्हा तुमचा बॉल त्यांच्याइतकाच नीट लागतो. ताकदीचा प्रश्न नाहीच, बॉल फेसवर लागतो कुठे आणि क्लब जमिनीला टेकतो कुठे एवढाच प्रश्न आहे.

मॅट फार लबाड असते. बॉलच्या दोन इंच मागे क्लब आपटला तरी तो घसरत पुढे येतो आणि बॉल उडतो. दहा-पंधरा यार्ड कमी गेला तरी आवाज बरा येतो, म्हणून कळत नाही. गवतावर तोच फटका मातीत रुततो.

घरी कॅरम आहे ना? त्याची पावडर घ्या. ओलसर बोट फेसवर फिरवून पावडरीचा पातळ थर द्या, बॉल मारा आणि ठसा बघा. दर बॉलनंतर पुसायचं, पुन्हा लावायची. वीस ठसे कागदावर काढून इथे सांगा.

ता.क. त्या ऑफिसातल्या पोराचा लॉफ्ट विचारा. हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये सेव्हन २८-२९ अंशांची असते. तुमच्या सेटमध्ये तेवढ्या लॉफ्टला फाइव्ह-सिक्स म्हणत असतील. आकडा क्लबच्या तळावर कोरलाय म्हणून दोन सेव्हन सारख्या होत नाहीत.

मावळतीचं ऊन
जास्वंद यांच्याशी सहमत. मी ६८ वर्षांचा आहे, सेव्हन ११५ जाते, पण ११५ म्हणजे ११५.

एक विचारतो. लहानपणी टेनिस बॉल क्रिकेट खेळलात का? आपल्यापैकी निम्म्यांचा रोग तोच. बॉल उचलायचा म्हणून आपण मागच्या पायावर रेलतो. मग क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे जातो. कधी माती आधी खातो, कधी क्लब वर येताना बॉलला कंबरेत लागतो. उचलायचं काम ३४ अंशांवर सोडा, क्लब खाली जाऊ द्या.

मला एका म्हाताऱ्या कॅडीनं शिकवलेलं सांगतो. सरावाच्या जागेवर, तिथल्या माणसाला विचारून, फक्कीची एक हातभर रेघ मारायची. क्रिकेटच्या मैदानावर मारतात तीच. रेघ दोन पायांच्या मध्ये घ्यायची आणि बॉल न ठेवता दहा स्विंग मारायचे, दर वेळी रेघेवर थोडं पुढे सरकत. गवत रेघेवर किंवा रेघेच्या पुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला उडालं पाहिजे. मागे उडालं तर बॉल ठेवूच नका. रेंजवर मॅटच असेल तर पंच्याची घडी बॉलच्या मागे चार-पाच बोटांवर ठेवा. पंचा हलला की फटका बाद.

आणि १३५ ला सेव्हन कशाला काढलीत? तुमची सेव्हन १२५ ची आहे, १३९ ची नव्हे. सगळ्यात लांब गेलेला बॉल आपण आपलं अंतर म्हणून मिरवतो. सिक्स घ्यायची.

अडगळ
हो, टेनिस बॉल खेळलोय, डोंबिवलीच्या गल्लीत. उचलूनच मारायचो, काचा वाचवायला. १३५ चं वाचून लाज वाटली, खरंय ते. पावडर आणि फक्की दोन्ही करून कळवतो.

अडगळ (तीन आठवड्यांनी)
कळवतोय. पावडरीचे वीस ठसे: सहा ठीक मध्ये, नऊ अगदी तळाशी, खालच्या खोबणीच्या आसपास, आणि पाच टोकाकडे, म्हणजे दांड्यापासून लांबच्या कडेला. तळाशी आणि मध्यभागी यात जवळपास बोटभर अंतर. फक्कीची रेघ तर जास्तच निर्दय निघाली. पहिल्या दिवशी दहापैकी सात वेळा माती रेघेच्या मागे, एकदा तर पूर्ण वीतभर. कॅडी आता बोलायला लागलाय. म्हणाला, "साहेब, बॉल गेल्यावर डावा पाय बघा, त्याच्यावर उभे आहात का?" नव्हतो.

तेवढंच धरलं. शेवटी सगळं वजन डाव्या पायावर, उजवा बूट चवड्यावर, आणि तसंच तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. पहिला आठवडा सगळं बिघडलं, बॉल गुडघ्याच्या वर जाईना. काल पुन्हा सिम्युलेटर. वेग तोच, ७३ ते ७६. वीसपैकी सतरा बॉल १२४ ते १३७ मध्ये. उरलेले तीन ११५ च्या खाली.

आणि त्या पोराची सेव्हन २८ अंशांची निघाली. 🙂

त्या तीन बॉलचे ठसे मात्र तिन्ही टोकाकडेच आहेत. बॉलपासून लांब उभा राहतोय का? की खाली येताना हात आखडतोय? जास्वंदताई, इथेच विचारू का नवा धागा काढू?

जास्वंद
इथेच. समोरून नको, बाजूनं काढलेला एक व्हिडिओ टाका, कॅमेरा हातांच्या उंचीवर.