मदत हवी आहे: मे महिन्यात गाडीने कोकण, वाटेत सगळे नातेवाईक

नमस्कार मंडळी. ह्यांच्या निवृत्तीनंतरची पहिलीच मोठी फेरी. पुण्याहून कोल्हापूरला नणंदेकडे, मग बेळगावला ह्यांचे कॉलेजमित्र, आंबोली घाटातून सावंतवाडी, मालवणला माझी मावशी आणि किनाऱ्याने वर रत्नागिरी, गुहागर, दापोली, शेवटी ताम्हिणीतून घरी. अठरा-वीस दिवस. गाडी सीएनजीची, चालवणार दोघं आलटून पालटून (म्हणजे घाटात मीच).

जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ या दोन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. मे महिन्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग किती असते? सकाळी लवकर गेलं तर बरं का? सावंतवाडी ते रत्नागिरी पट्ट्यात सीएनजीची रांग लागते का, की सरळ पेट्रोलवर जावं?

दुसरं म्हणजे आंबे. डिकीत अर्धी जागा सिलिंडरने खाल्लेली, त्यात मावशी दोन पेट्या देणारच. बंद गाडीच्या उकाड्यात हापूस दापोलीपर्यंत टिकतो का? कच्चाच घ्यावा?

आणि खरी अडचण: 'एकच रात्र राहणार?' असं म्हणत कुणी सोडत नाही. न दुखावता कसं निघता हो तुम्ही?