डायनाची अंगठी खास घडवलेली नव्हती
ब्रिटनची राजकुमारी डायना हिची साखरपुड्याची अंगठी राजघराण्याने तिच्यासाठी मुद्दाम घडवून घेतली, असं म्हटलं जातं. तसं नाही. १९८१ मध्ये ती लंडनच्या गॅरार्ड या जवाहिऱ्याच्या तयार दागिन्यांतून निवडली होती. पैसे असतील त्याला तशीच विकत घेता आली असती. मधोमध १२ कॅरेटचा श्रीलंकेचा नीलम, भोवती १४ हिरे.

मला ती खरी भावली २०१० मध्ये, डायनाचा मुलगा विल्यम याने आईची तीच अंगठी साखरपुड्यासाठी केटला दिली तेव्हा. माझ्या साखरपुड्यासाठी जळगावच्या सराफ बाजारात नवी अंगठी बघूनही झाली होती, पण सासूबाईंनी स्वतःच्या बोटातली काढून दिली. सैल व्हायची, म्हणून आतून लाल दोरा गुंडाळला. दोरा कितीदा बदलला, पण अंगठी कापून लहान करायला मन धजलं नाही.