दर्या की दऱ्या?

प्रश्न (इंदूर): आमच्या मंडळाची सहल पाताळपाणीच्या धबधब्याला निघाली आहे. पत्रक छापून आलं, त्यात 'हिरव्यागार दर्यांतून भटकंती'! महूजवळ समुद्र कधी आला, असं आजोबा विचारताहेत. छापखान्यातले भैया म्हणतात, र आणि य जोडले की रफारच येणार, कम्प्यूटर आपोआप करतो. त्यांना काय सांगू?

उत्तर: हिंदीपुरतं भैयांचं खरं आहे. मराठीत मात्र दोन्ही रूपं लागतात. दरी-दऱ्या, नवरा-नवऱ्याला, आचारी-आचाऱ्याने: मूळ शब्द री किंवा रा-वर संपत असेल तर अर्धा र. दर्या, सूर्य, आचार्य यांत रफार. म्हणून पाहा, 'दर्या'त द-वर आघात येतो, 'दऱ्या'त येत नाही. जेवणावळीनंतर 'आचार्यांचे आभार' मानले, तर स्वयंपाकी उपाशीच राहिले म्हणायचे!

आणखी एक वाचक: मी थोडी उर्दू शिकले आहे, म्हणून गंमत सांगते. तिथे बहुतेक अक्षरांची चार रूपं: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. 'दरिया' लिहिताना दाल (द) आणि रे (र) पुढच्याला हात देतच नाहीत, म्हणून ये (य) मध्ये असूनही सुरुवातीचं रूप घेतो आणि अलिफ (आ) त्याला येऊन चिकटतो. टाइप करणाऱ्याने फक्त चार अक्षरं द्यायची. शेजार पाहून रूप कम्प्यूटर ठरवतो. आपल्या 'क्र', 'ट्र', 'र्क'चंही तसंच. पण दर्या-दऱ्या दोन्हीत शेजारी तोच य, मग यंत्राला अर्थ कसा कळावा? (उर्दूत दरिया म्हणजे नदी, आपला दर्या मात्र समुद्र. पाताळपाणीला उर्दू अर्थ तरी चालला असता!)

उत्तर: तेव्हा यंत्राला सांगावं लागतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कम्प्यूटरच्या अक्षर-संकेतांत, त्यासाठी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ वेगळा आहे. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे (J) दाबा, मग डी (D) दाबून त्याचा पाय मोडा, मग य. साधा र घेतलात तर रफारच मिळेल.

प्रश्नकर्ती: धन्यवाद! भैयांनी करून पाहिलं, उमटलं. आता विचारताहेत, ह-ला पण?

उत्तर: हो, वऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ. लग्नपत्रिका तेच छापत असतील, तर वऱ्हाड आधी शिकवा.